टिंकूची माता

कढईत मोहरी तडतडायला लागली आणि सपरीत, म्हणजे ओसरीत, बसलेल्या सासूबाई उठून सरळ स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी गॅस बंद केला, कढईवर झाकण ठेवलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"फोडनी कायले देऊन रायली व? सपरीत मातामाय येऊन बसली अन् तू तेल तापवते? लेकराच्या अंगाची आग होते अशानं."

लेकरू म्हणजे मासा. बोटाएवढा, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. त्याच्या अंगावर रव्यासारखे दाणे उठले होते, आणि तेवढ्यावरून माझ्या घरात फोडणी बंद झाली. हसावं की रडावं, सांगा.

आमच्या दवनीवाड्यात चारी बाजूंना धानाचे बांध. समुद्र आम्ही पाहिला तो टीव्हीत. आणि आमचे हे, ओमेश, गोंदियात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस, त्यांनी बैठकीत काचेच्या टाकीत खारं पाणी करून ठेवलं. फिल्टरच्या पाण्याच्या कॅना आणा, त्यात पोत्यातलं समुद्री मीठ घाला, ढवळा, मोजा, पुन्हा ढवळा. माझं बीपी कोणी कधी तपासलं नाही, त्या पाण्याचा खारटपणा मात्र रोज तपासला जायचा. लाइट गेली की इन्व्हर्टर आधी माशांना, उरला तर माझ्या पंख्याला.

वर नावं काय ठेवली? टिंकू आणि रिंकू. ही नावं आम्ही लग्नाच्या पहिल्या वर्षी दुसऱ्याच कोणासाठी ठरवली होती. ते दुसरं कोणी आलं नाही. दवाखाने झाले, कचारगडचा नवस झाला, नाही आलं. मग एक दिवस यांनी नागपूरहून पिशवीत हे दोन मासे आणले आणि मला न विचारता ती नावं त्यांना देऊन टाकली. मी दोन दिवस बोलले नाही. पुढं सवय झाली, मीच हाका मारायला लागले.

सासूबाई टाकीकडे ढुंकूनही पाहायच्या नाहीत. "खाचे नाई त पाळाचे कायले?" एवढंच त्यांचं मत.

रोगाची सुरुवात यांच्याच हातून झाली. नवा मासा आणला की महिनाभर वेगळ्या टबात ठेवायचा, हे जगाला शिकवणारे हेच, आणि निळा मासा आणल्या आणल्या हौसेनं थेट टाकीत सोडणारेही हेच. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. निळा आठवड्यात मेला आणि जाताना दोघांना रोग देऊन गेला. रिंकूला थोडे दाणे, टिंकूला अंगभर. मग सपरीत एक टब आला. दोघांची रवानगी टबात, त्यात तांब्याचं औषध, हवेची नळी. बैठकीतली टाकी दीड-दोन महिने माशांविना चालू ठेवायची, म्हणजे तिथले किडे उपाशी मरतील, असं यांनी सांगितलं. तोवर माझ्या शिलाई मशीनची जागा टबानं घेतली आणि मी मशीन घेऊन कोंबडीच्या खुराड्याजवळ.

टब सपरीत आला तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा टिंकूकडे नीट पाहिलं. वाकल्या, डोळ्यांवर हात धरला, आणि एकदम दोन्ही हात जोडले.

"माय वं! मातामाय निघाली याले."

झालं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. टबाच्या काठालाही लावला. पाण्यात एक पान पडू देऊ नको म्हणून यांनी हात जोडले तेव्हा कुठं पाणी वाचलं. फोडणी बंद, तळण बंद, मटण बंद. मोठ्यानं बोलणं बंद. सकाळी न्हाऊन, मातामायला पाणी घालून आल्या की दिवसभर सासूबाई टबाशेजारी पोत्यावर बसायच्या आणि हळू आवाजात मातेची गाणी म्हणायच्या. त्यांचं हे काम जन्माचं. धानाच्या रोवणीला चिखलात उभ्या असल्या तरी गावात कोणाच्या पोराला माता निघाली, गोवर-कांजिण्या उठल्या, की सावित्रीबाईंना बोलावणं यायचं आणि हातातली पेंढी टाकून त्या जायच्या. पोराला खाजवू द्यायच्या नाहीत, रात्र रात्र हात धरून बसायच्या. अर्ध्या गावाच्या पोरांचे हात त्यांनी असे धरलेत.

पण मासा तो मासा! शेजारची शामकला शिवलेला ब्लाउज न्यायला आली, तर सासूबाईंनी तिला दारातच अडवलं.

"चप्पल तिकडंच काढ, अन् आत नोको येऊ. घरी बिमार हाये."

"कोन बिमार हाये, काकू?"

"टिंकू."

शामकला माझ्याकडे पाहतच राहिली. आमच्याकडे टिंकू कुठून आला, हे तिला कळेना. मी टबाकडे बोट दाखवलं. तिनं तोंडाला पदर लावला आणि ब्लाउज घेऊन जी पळाली, ती हसत हसत बोअरिंगच्या हापशापर्यंत. दुपारपर्यंत गावभर झालं, रीताच्या घरी माशाले माता निघाली. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

संध्याकाळी यांच्यापुढे पांढरं वरण वाढलं आणि मी सुटले. "अवो, तुमची माय माशाले देव लावून रायली. सांगत काऊन नाई? हे असं आनखी किती दिवस?"

"अरे यार, दिमाग मत खाव," हे घास गिळत म्हणाले. "पाण्यात हात घालून नाई रायली ना? मंग बसू दे. तिले बरं वाटते."

चार-पाच दिवसांत टिंकूचं अंग स्वच्छ झालं. एकही दाणा नाही. यांनी लगेच आम्हा दोघींना टबापाशी बसवून समजावलं. "दाने पडले म्हणजे बरा झाला नाई. तो किडा अंगावरून उतरला अन् पान्यात पिल्लं काढते. औषध अजून बाकी हाये. मी म्हनेन तेव्हाच टाकीत सोडाचं. माय, समजलं ना?"

"उतरली म्हनतेस ना?" सासूबाई म्हणाल्या. "समजलं, बाबू."

काय समजलं ते मला शुक्रवारी कळलं. मी नागऱ्याला मावसबहिणीच्या घरी बारशाला गेले होते. तिथं पाळण्याजवळ मला कोणी बोलावत नाही आणि मी जातही नाही, त्यामुळे जेवून लवकर परतले. सपरी शेणानं सारवलेली. रांगोळी. केळीच्या पानावर दहीभात. टब रिकामा. आणि बैठकीतल्या टाकीत टिंकू-रिंकू दगडांमधून फिरताहेत, सासूबाई समोर पाटावर बसून कौतुकानं बघताहेत.

"आत्याबाई, हे का केलं?"

"माता उतरली. आंग धुतलं लेकराचं," त्या आनंदानं म्हणाल्या. "उतरल्यावर बाहेर ठेवत असते का व? घरात घेतला त्याले."

मी कपाळावर हात मारून खाली बसले. उपाशी किड्यांच्या टाकीत बाईनं दोघांना नेऊन सोडलं होतं. फोन केला, हे दुकान अर्धवट टाकून धावत आले. दोघांना पकडण्यासाठी टाकीतले सगळे दगड बाहेर काढावे लागले. पुन्हा टब, पुन्हा औषध. आणि मग आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा मी यांना आईवर ओरडताना ऐकलं.

"सांगितलं होतं ना तुले! एवढं समजावलं! मारला तू माह्या टिंकूले, माय, मारला!"

माझ्याही तोंडाशी खूप काही आलं होतं. एवढ्या दिवसांचं बिनफोडणीचं जेवण, शामकलाचं हसू, खुराड्याजवळचं मशीन, सगळं. सासूबाईंनी दहीभाताचं पान उचललं, ते हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मले का मालूम, बाबू," त्या म्हणाल्या. "सप्पा गावची लेकरं म्या अशीच घरात घेतली. माता उतरली का न्हाऊ घालाचं, अन् घरात घ्याचं. आपल्या घरी त हा पहिलाच होता."

हे खाली बसून दगड गोळा करायला लागले. माझा राग कुठं गेला, कोणास ठाऊक. मला रडूच आलं. इतकी वर्षं या बाईनं मला मुलाबद्दल एक शब्द विचारला नव्हता, आणि मी समजत होते, त्यांना काही वाटतच नाही.

या वेळी दाणे दुपटीनं उठले. टिंकू हवेच्या नळीखाली धापा टाकत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तळाशी आडवा पडलेला सापडला. यांनी त्याला तळहातावर घेतलं आणि परसात लिंबाखाली खड्डा केला. सासूबाई लांब, विहिरीपाशी उभ्या होत्या. जवळ आल्या नाहीत. खड्डा बुजवून झाल्यावर त्यांनी दाराचा सुकलेला डहाळा स्वतःच काढला आणि चुलीत घातला.

"घाल व आता फोडनी," मला म्हणाल्या. "मातामाय नोती ते. बिमारीच होती. माह्यी चूक झाली."

मी कढई ठेवली. तेल ओतलं, मोहरीचा डबा उघडला. सपरीत टबाची नळी बुडबुड करत होती आणि एकटी रिंकू कोपऱ्यात तोंड करून थांबली होती. मी तेल परत बाटलीत ओतलं.

रात्री तिघं जेवायला बसलो. यांनी वरण पाहिलं आणि भातावर वाढून घेतलं. सासूबाईंनी वाटी जवळ ओढली.

"फोडनी काऊन नाई घातली व? म्या सांगितलं ना."

"रिंकू हाये ना अजून टबात, आत्याबाई."

 त्यांनी भात कुस्करला, त्यावर ते पांढरं वरण घेतलं आणि म्हणाल्या, "मीठ दे जरासं."

मी मीठ वाढलं.