शाळेसाठी राखलेली जागा

नगररचना कार्यालयात ती नुकतीच लागली होती, तेव्हा शहराच्या टोकाच्या वस्तीचं काम तिच्याकडे आलं. पुढच्या पंचवीस वर्षांत तिथं किती कुटुंबं येतील, किती मुलं होतील, त्यांना पायी जाता येईल अशी शाळा कुठे हवी, हा सगळा विचार करून तिनं नकाशावर शाळेसाठी एक जागा राखली. त्याच सुमारास तिचं लग्न झालं. नवरा वायरमन. त्यानं मुद्दाम त्या जागेसमोरच घर घेतलं.

"आपली पोरं घंटा वाजल्यावर निघाली तरी पोचतील," तो म्हणायचा.

शाळेला पैसे मंजूर होईनात. आज होईल, उद्या होईल करता करता वर्षं गेली. त्या दोघांना मूलही झालं नाही. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा आशा मोडली. मग त्यांनी तो विषयच टाकला.

आराखडा नव्यानं करायची वेळ आली तेव्हा ती खात्याची प्रमुख होती. वस्तीतली तरुण माणसं केव्हाच निघून गेली होती, मागे उरली होती म्हातारी. थोडीफार मुलं होती, त्यांना पलीकडची शाळा पुरत होती. थकलेल्या म्हाताऱ्यांची देखभाल करणारं केंद्र मात्र जवळपास कुठेच नव्हतं. तिनं शाळेची जागा त्या केंद्राला दिली. घरी हे सांगायला तिची जीभ रेटेना.

आराखडा जाहीर झाल्यावर लोकांच्या हरकती ऐकायला ती सभागृहात बसली. शेवटी मागून नवरा उठला. कामावरून तसाच आला होता, शर्टाच्या खिशात टेस्टर.

"मॅडम, माझी हरकत आहे. तिथं शाळाच पाहिजे."

तिच्या शेजारचा अधिकारी त्याला ओळखत नव्हता. त्यानं नेहमीसारखं विचारलं, "तुमची मुलं आहेत का शाळेत जाणारी?"

"नाहीत. होणार होती."

कुणीतरी फिसकन हसलं. तिनं पेन खाली ठेवलं.

"हे माझे मिस्टर आहेत," ती शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाली. "यांच्या हरकतीवर निर्णय तुम्ही द्या."

तो बिचारा गोरामोरा झाला. हळूच म्हणाला, "मॅडम, राहू द्यायची का शाळा?"

"माझ्याकडे बघू नका. गरज कशाची आहे ते बघा."

हरकत फेटाळली गेली. नवरा मान हलवून खाली बसला.

संध्याकाळी दोघं बसथांब्यावर टेकली.

"मला आधी सांगायचंस गं."

"रोज सांगणार होते."

त्यानं खिशातला टेस्टर काढून बोटांत फिरवला. मग म्हणाला, "पहिल्या वेळेला मी दप्तर आणलं होतं. वेडाच मी, एवढ्या लवकर! नंतर बसमध्ये ठेवून उतरलो."

"कुठल्या रंगाचं?"

"निळं."

तिनं त्याचा हात धरला आणि भर रस्त्यात, माणसांसमोर, ती हमसून हमसून रडली. त्यांची बस आली, थांबली आणि निघून गेली.

पुढच्या वर्षी केंद्राचं बांधकाम सुरू झालं. रोज समोर ते बघून त्याला त्रास होईल, म्हणून तिनं घर विकायचा विषय काढला.

"कशाला? आपल्यालाही लागेलच की ते," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता चहाचे कप विसळायला आत गेला.