आलेखातली खाच
नखाएवढा काळा तुकडा, चिमट्यात धरलेला… दिव्याखाली जरा तिरका केला की कडेला निळसर झाक येते. दोन वर्षं प्रयोगशाळेत त्याच्यावर प्रयोग करून ती त्याला ओळखत होती, आणि आज तो परका वाटत होता. तुकड्याला तारा चिकटवायला चांदीचा लेप लावतात. सकाळी तिने तो खरवडून काढला, तारा दुसऱ्या पद्धतीने जोडल्या, तुकडा पुन्हा थंड केला. आलेख सरळ गेला. एका ठरावीक थंडीला रेघ दरवेळी खाली घसरायची, ती खाच आलीच नाही. जिच्यावर तिचा शोधनिबंध छापून आला, जिच्यावर उद्याची मुलाखत — कायमच्या नोकरीची, छत्तिसाव्या वर्षी, तीन शहरांतल्या तीन तात्पुरत्या नोकऱ्यांनंतरची — उभी होती, ती खाच त्या पदार्थाची नव्हतीच. लेपाची होती.

म्हणजे मी खोटं बोलले का? नाही… खोटं नाही. पण लेप बदलून बघावं असं निबंध पाठवतानाच मनात आलं होतं, आणि करार संपायला सहा आठवडे उरले होते, आणि मी स्वतःला म्हणाले होते, पुढे बघू.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सरांनी, सगळं ऐकून घेतलं, मग चष्मा काढला.

"किती वेळा मोजलंस?"

"तीनदा."

"उद्या मुलाखत आहे तुझी." त्यांनी काच पुसली. "आधी ती होऊ दे. परवा आपण दोघं बसून नीट बघू. तुझ्या वाईटाचं सांगत नाहीये गं मी."

नव्हतेच सांगत. तिचा करार वाढावा म्हणून त्यांनी किती जणांपुढे शब्द टाकला होता…

दुपारी आईचा फोन. "झालं का गं शिकून?" — हा आईचा ठरलेला विनोद, पण आज त्यामागोमाग आणखी एक प्रश्न आला. "या खेपेला होईल ना?"

"होईल गं," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावरही तिचा हात फोनवरच राहिला.

आठवड्यापूर्वी आलेली एक मेल अजून अनुत्तरित होती. दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेतली एक अनोळखी बाई, तिच्यासारखीच करारावरची: 'पाच महिने झाले, तुमची खाच मला मिळत नाही. माझं काय चुकतंय, सांगाल का?' पाच महिने… रोज त्या गार यंत्रापाशी उभं राहायचं आणि संशय घ्यायचा तो आपल्याच हातांवर.

'तुमचं काही चुकत नाहीये,' तिने लिहिलं. 'खाच पदार्थाची नाही, लेपाची आहे.' पुढची वाक्यं मग अडली नाहीत. सरांनाही प्रत ठेवली. पाठवलं.

उद्या टेबलापलीकडे पाच माणसं बसतील, विचारतील — तुमचं सर्वांत महत्त्वाचं काम कोणतं? पाठ असलेलं उत्तर तिने आठवून पाहिलं, ते येईना. मुलाखतीची भीती होती, कालच्याएवढीच… पण तिच्याखाली दोन वर्षं आणखी काहीतरी दबा धरून बसलेलं असायचं, ते चाचपलं तर जागेवर नव्हतं. त्या मोकळ्या जागेची तिला सवय नव्हती. घाबरलेली, पण कुणापासून काही न लपवणारी अशी ती खिडकीशी उभी राहिली — आणि उत्तर शोधायची तिला घाई वाटेना.