बिननावाचं पार्टिशन

नवरा, अनिरुद्ध, गेला त्याला दीड वर्ष होत आलं, तरी त्याच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरला मेधानं हात लावला नव्हता. पण आता लेकीला, इरावतीला, शाळेसाठी तो हवा होता आणि डिस्क तर गच्च भरलेली. म्हणून शनिवारी दुपारी, परदेशातल्या हिल्सबरोच्या घरात, ती पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून डिस्कची पार्टिशनं, म्हणजे तिचे वेगवेगळे पाडलेले भाग, तपासायला बसली. शेवटचं एक मोठं, बिननावाचं होतं. अनिरुद्धला नवनव्या सिस्टिम चालवून बघायची भारी हौस. त्यातलीच एखादी उरली असेल असं समजून तिनं ते काढून टाकलं. त्या जागी राखाडी पट्टी आली: 'अनअलोकेटेड', म्हणजे मोकळी जागा.

मग तिनं त्याचं व्हिडिओंचं फोल्डर उघडायला घेतलं. उघडेना. सगळे व्हिडिओ त्याच पार्टिशनमध्ये होते. अंत्यसंस्काराचाही. सासूबाईंना, सुशीलाबाईंना, पुण्याहून वेळेत पोचता आलं नव्हतं; त्यांच्यासाठीच तो ठेवलेला.

तिनं टौरंगाला राहणाऱ्या दिराला फोन लावला.

"वहिनी, आता त्या डिस्कवर काहीही साठवू नकोस," शार्दूल म्हणाला. "फक्त पार्टिशनची नोंद गेलीय. वर दुसरं काही लिहिलं नसेल, तर आतलं जागच्या जागी असतं. टेस्टडिस्क नावाच्या प्रोग्रॅमनं शोध. वेळ लागेल."

शोध लावून ती स्वयंपाकघरात गेली. आता इथंच राहणाऱ्या सुशीलाबाई मेथी निवडत होत्या. सांगितलं नसतं तर त्यांना कळलंही नसतं.

"आई, माझ्या हातून त्याचे व्हिडिओ गेलेत. त्या दिवसाचाही."

सुशीलाबाईंचा हात थांबला. "तो मला बघायचाच नव्हता गं. तू कधी दाखवशील या धास्तीनं मी त्या खोलीत पाऊलही टाकत नव्हते." मग हळूच म्हणाल्या, "हसताबोलता कुठला असेल, तर तेवढा सापडतो का बघ."

संध्याकाळी पार्टिशन सापडलं. मेधानं नोंद परत लिहिली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. इरावतीसाठी वेगळा लॅपटॉप आणायचं तिनं तिथंच ठरवलं.

सुशीलाबाई पहिल्यांदाच त्या खोलीत येऊन बसल्या. पडद्यावर अनिरुद्ध हातात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, धरून लाटांतून पळत होता. "अगं, पाणी नुसतं बर्फ आहे!" तो ओरडत होता.

"आवाज वाढव जरा," त्या म्हणाल्या, आणि मेधाचा हात घट्ट धरला.