समुद्राकडची बाजू

बंदराजवळची जुनी इमारत पाडली तेव्हा तळमजल्यावरच्या दोन जावांचं बोलणं बंद होऊन बरेच दिवस झाले होते. पाडली ते बरंच झालं, असं शेजारी म्हणाले. निदान दारासमोर दार उघडून रोज तोंड फिरवायला नको.

भांडण नव्या घरांवरून होतं. बिल्डरने चिठ्ठ्या टाकल्या, त्यात थोरलीला तिसऱ्या मजल्यावरची समुद्राकडची बाजू मिळाली. धाकटीला मागची, जिथून गोदामाचे पत्रे दिसणार होते. धाकटीने अदलाबदल मागितली. "वहिनी, तुम्ही एकट्या. तुम्हाला काय करायचाय समुद्र?"

थोरली शिवणकाम करायची. नवरा गेल्यापासून तिने मशीनवरून मान वर केली नव्हती. "कधी केलीच वर, तर काहीतरी दिसू दे," ती म्हणाली. विषय संपला आणि बोलणंही.

मग पाया खणून झाला आणि काम थांबलं. आधी परवानगी अडकली, मग भागीदारांचं फाटलं, पुढे पुढे कुणी कारणही सांगेना. थोरली टेकडीवरच्या एका खोलीत राहायला गेली, धाकटी नवऱ्याबरोबर गावाच्या दुसऱ्या टोकाला. खणलेल्या जागेभोवतीच्या पत्र्यांवर नव्या इमारतीचं चित्र होतं. उन्हाने त्यातलं गच्चीवरचं हसरं कुटुंब आधी निळसर पडलं, मग त्यांचे नुसते दात उरले. कंपनीच्या ऑफिसातला तरुण साहेब प्रत्येकाला खुर्ची द्यायचा आणि म्हणायचा, "होतंच आलंय."

"काय होतंच आलंय?" धाकटी एकदा कडाडली. "खड्डा?"

खड्ड्याचं मात्र खरंच काहीतरी होत होतं. भरतीचं पाणी जमिनीखालून झिरपत वर आलं आणि त्याचं तळं झालं, हिरवं, गप्प. काठाने लव्हाळे उगवले. वारा पडला की ढग सावकाश त्यात उतरायचे, आणि पत्र्याच्या फटीतून पाहणारा माणूस कशासाठी थांबलो होतो तेच विसरायचा.

धाकटीचा नवरा बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याने जन्मात बोट चालवली नव्हती, तरी सगळे त्याला कप्तान म्हणायचे. एका रविवारी तो दुपारी जेवायला आला नाही. धाकटी शोधत जुन्या जागेपाशी पोचली, तर फटीला डोळा लावून थोरली उभी. कुणाचे तरी पडदे पोचवून परतताना ती थबकली होती.

अबोला विसरून ती म्हणाली, "बघ तुझा नवरा."

कप्तानाने बंदरावरची लहानशी चपट्या बुडाची होडी आणून तळ्यात सोडली होती. मधोमध तो पाय पसरून, तोंडावर टोपी घेऊन पडला होता.

"अहो, घरी यायचंय की नाही?"

"घरीच आहे," टोपीखालून आवाज आला. "स्वयंपाकघरात."

जागेवरच्या वॉचमनने पत्रा सरकवला. कप्तानाने होडी काठाला आणली आणि दोघींना हात दिला. वल्ह्याचा आवाजही होत नव्हता. पाण्याखाली काही नव्हतं, नुसता गढूळ उजेड. तरी तिघंही दबकून बसली, जणू आत कुणी झोपलंय.

"हे आपलं स्वयंपाकघर नव्हेच," धाकटी म्हणाली. "हे वहिनींचं न्हाणीघर."

"न्हाणीघर मागे. हा पॅसेज," थोरली म्हणाली. "भाऊजी, जरा डावीकडे घ्या. अजून थोडं. हां, इथे."

कप्तानाने वल्हं उचललं. तिथे पूर्वी त्याच्या थोरल्या भावाची खाट होती. शेवटचे महिने तो त्याच खाटेवर होता, आणि धाकटीच रोज त्याला भरवायची, कारण थोरलीचे हात थरथरायचे. थोरलीने पाण्यात बोटं बुडवली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"घे तू समुद्राकडची बाजू," ती म्हणाली.

धाकटीने वर पाहिलं. तिसरा मजला यायचा तिथून एक बगळा आरामात चालला होता. "कुठाय ती?"

"ती काय, बगळ्याच्या जरा खाली."

धाकटीला हसू फुटलं, मग थोरलीला. होडी डुचमळली. काठावरून वॉचमन ओरडला, "बुडालात तर माझी नोकरी जाईल हो!"

थोरली त्या दिवशी त्यांच्याकडे जेवली. महिना संपता संपता मशीनसकट तिथेच राहायला आली.

काम काही सुरू झालं नाही. मध्ये पंप आले, पाणी उपसून दमले आणि निघून गेले. आता दोघी मिळून ऑफिसात जातात, शिवण घेऊन सकाळभर बसतात. एकदा साहेबाचा धीर सुटला. "मावशी, खरं सांगू? मला काहीच माहीत नाही. कधी होईल, होईल की नाही, काहीच नाही."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सरळ बोललं होतं. त्यांना रडू यावं की बरं वाटावं, कळेना.

"तू कुठे राहतोस रे?" थोरलीने विचारलं.

"भाड्याने. आमचीही पाडलीय." तो ओशाळला. "दुसऱ्या कंपनीने."

धाकटीने बाकावर सरकून जागा केली. "बस मग जरा," ती म्हणाली.