हेराक्लीसचे डोळे

हिंजवडीच्या एका कंपनीला स्वागतकक्षात हर्क्युलिस हवा होता. सहा फुटी, फायबरचा, खांद्यावर सिंहाचं कातडं, हातात सोटा. तो हातानंच घडवलेला असावा अशी खास अट होती, कारण कंपनी जे काही विकत होती त्याला माणसाचा हात कुठंच लागत नसे.

ही मागणी घेऊन कंपनीचा आमोद पुण्याच्या नारायण पेठेतल्या यज्ञेश्वरांच्या मूर्तींच्या कारखान्यात आला. त्याच्या कार्डावरचा हुद्दा दीड ओळीचा होता. खुर्च्या, कुंड्या आणि कॉफीचं मशीन सांभाळणे, असा त्याचा अर्थ होता.

"काका, ह्यानं बारा अशक्य टास्क पूर्ण केले. एकदाही तक्रार नाही. आमच्या लोकांना येताजाता इन्स्पिरेशन मिळेल."

"हेराक्लीस," यज्ञेश्वर म्हणाले. "हर्क्युलिस रोमन लोकांनी केलं. आणि ती बारा कामं शिक्षेची होती. वेडाच्या भरात त्यानं स्वतःची मुलं मारली होती. तुमच्या लोकांनी काय केलंय?"

आमोद हसला. पेठेत अपमान झाला की हसून घ्यायचं, एवढं त्याला ऐकून माहीत होतं. त्यानं फोनवर एका संगमरवरी पुतळ्याचा फोटो दाखवला. यज्ञेश्वरांनी तो दोन बोटांनी मोठा केला.

"डोळे असेच? कोरे?"

"असेच. एकदम क्लासिक."

"घेतो काम."

आत मंदाकिनीबाई चहाचं आधण ठेवायचं विसरल्या. त्यांच्या नवऱ्यानं पहिल्या भेटीत होकार दिल्याची ही आयुष्यातली दुसरी वेळ होती. पहिल्या वेळी समोर त्या स्वतः होत्या.

कारण साधं होतं आणि ते फक्त यज्ञेश्वरांना ठाऊक होतं. मागल्या वर्षीच्या दिवाळीपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. माती थापायला, पॉलिश पेपर मारायला, गिऱ्हाइकाला दरवाजा दाखवायला तो पुरेसा होता. डोळे काढायला नव्हता. आणि यज्ञेश्वरांचं नाव होतं ते डोळ्यांसाठीच. मूर्तीच्या डोळ्यांच्या रेघा काढण्याच्या कामाला आखणी म्हणतात. ती घरच्या कर्त्या माणसानं करायची आणि दार लावून करायची, असा त्यांच्या वडिलांचा नियम होता. त्या बंद दारामागं यंदा गणपतीच्या आधी काय झालं ते कुणी पाहिलं नाही. एरवी दीडशे मूर्ती करणाऱ्या माणसानं अकराच केल्या, बाकीच्यांना "जमणार नाही" एवढंच सांगितलं. दुसऱ्या गावात लोकांनी तब्येतीची चौकशी केली असती. इथं त्यांची ख्याती वाढली.

आता ग्रीकांनी त्यांच्यासाठी बिनडोळ्यांचा वीर पाठवला होता. यज्ञेश्वरांनी मनातल्या मनात अख्ख्या संस्कृतीचे आभार मानले.

पुतळा तीन महिने चालला. माती यज्ञेश्वरांनी केली. साचा, फायबर आणि घासकाम रुपालीनं. ती वाशिमहून आलेली, पस्तिशीची, आठ वर्षं कारखान्यात होती आणि दिवसाला साधारण चार वाक्यं बोलायची. शेजारचे तात्याराव रोज दारात उभे राहून पाहायचे.

"हा भीम का हो?"

"भीमच. परदेशात स्थायिक झालेला."

"मग बरोबर," तात्याराव म्हणाले. "कपडे कमी आहेत."

नेण्याच्या दिवशी सकाळी टेम्पो आला, आमोद आला आणि कंपनीच्या डिझाइन विभागातली वल्लरी आली. आमोदनं पुतळ्याभोवती एक चक्कर मारली आणि घसा साफ केला.

"काका, एक छोटासा चेंज. डायरेक्टरांना डोळे हवेत. यंदाची आमची थीम 'व्हिजन' आहे."

"ग्रीक पुतळ्यांना डोळे नसतात. दोन हजार वर्षं कुणाची तक्रार नाही. तुमच्या डायरेक्टरांचीच पहिली."

"अ‍ॅक्चुअली काका, असायचे," वल्लरी फोनमधून मान वर न काढता म्हणाली. "सगळे पुतळे रंगवलेले असायचे. डोळे, ओठ, केस. रंग नंतर उडाला."

हे यज्ञेश्वरांनी पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं. पण मुठा नदी ओलांडून पलीकडं कुणी काही वाचत असेल, असं धरून चालायची त्यांना सवय नव्हती.

"आणि तुमची तर तीच खासियत," आमोद म्हणाला. "पुतळ्याशेजारच्या कार्डावर छापूनसुद्धा आणलंय. 'नेत्र-आखणी : यज्ञेश्वर.'"

"उद्या या."

"चार वाजता उद्घाटन आहे काका. हिंजवडीला पोचायचंय, म्हणजे आत्ताच उशीर झालाय."

यज्ञेश्वरांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं. बशीत काळा रंग घेतला. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, श्वास रोखला आणि ब्रश टेकवला. रेघ पापणीवरून निघाली आणि गालावर जाऊन थांबली. त्यांनी टर्पेंटाइननं पुसली. दुसरी कानाकडं गेली. तिसरीनंतर बारा अशक्य कामं करणारा तो वीर रडून आल्यासारखा दिसू लागला. हे बाहेर कळलं, तर उद्या पेठेत यज्ञेश्वरांचा निकाल लागणार होता, आणि तोही त्यांच्याच पद्धतीनं, एका वाक्यात.

मागच्या शेडचं दार ढकलून रुपाली टर्पेंटाइनचा डबा न्यायला आली. तिनं पुतळ्याचा गाल पाहिला, मग त्यांचा हात.

"काका, मी काढू का? मले येते."

"कुठं शिकलीस?"

"साच्यातून खराब निघालेले मुखवटे फेकता ना तुम्ही, त्याच्यावर. मागं, शेडमधी. सात वर्षं झाले."

"मला विचारलं होतंस?"

"विचारलं असतं तर हो म्हटलं असतं का?"

"नाही."

"मंग."

यज्ञेश्वरांनी ब्रश तिच्या हातात दिला. रुपालीनं गाल पुसला, करंगळी टेकवली आणि डावा डोळा काढला. रेघ एका दमात गेली, शेवटाला बारीक होत संपली. यज्ञेश्वर चष्मा लावून जवळ गेले. त्यांनी दोष शोधला. नंतर पुन्हा शोधला.

"बाहुली एक केसभर वर हवी होती," ते शेवटी म्हणाले.

"वर घेतली तर पाहुण्यायच्या डोक्यावरून पाहीन तो. सहा फुटी हाय."

तिचं बरोबर होतं. ही गोष्ट त्यांना रेघेपेक्षा जास्त लागली.

दारावर थाप पडली. "काका, झालं का? सॉरी हं, पण ट्रॅफिक!"

उजवा डोळा बाकी होता. दहा मिनिटांचं काम. दार तसंच लावलेलं राहिलं तर कार्डावरचं नाव खरं ठरणार होतं, पुढच्या वर्षीच्या गणपतींचंही भागणार होतं. रुपाली काही बोलली नसती. ती तशीही बोलत नसे. तिनं ब्रश बशीत ठेवला आणि त्यांच्याकडं पाहत उभी राहिली. यज्ञेश्वरांनी पुतळ्याच्या डाव्या डोळ्याकडं पाहिलं. मग ते गेले आणि त्यांनी दार सताड उघडलं.

"या आत. एक डोळा झालाय, दुसरा व्हायचाय. हिनं काढलाय. दुसराही हीच काढेल."

आमोद आधी पुतळ्याकडं, मग रुपालीकडं पाहू लागला. "पण काका... कार्डावर तुमचं नाव आहे."

"कार्ड तुम्ही छापलंत. मी नाही."

"डायरेक्टरांना काय सांगू?"

"हातानं केलाय म्हणून सांगा. कुणाच्या हातानं ते तुमच्या अटीत नव्हतं."

वल्लरीनं पहिल्यांदाच फोन खाली घेतला. तात्याराव दारात येऊन उभे राहिले. पदराला हात पुसत मंदाकिनीबाई आल्या. आखणी चालू असताना त्या खोलीत यायची त्यांचीही पहिलीच वेळ. रुपाली स्टुलावर चढली. यज्ञेश्वर तिच्याजवळ रंगाची बशी धरून उभे राहिले. बशीतला रंग हलून कडेपर्यंत येत होता. ते मंदाकिनीबाईंना दिसलं, तात्यारावांना दिसलं, आमोदलाही दिसलं.

"काका, बशी टेबलावर ठेवा," रुपाली म्हणाली. "मले रंग घेता येऊन नाही राह्यला."

आठ वर्षांत तिनं त्यांना केलेला हा पहिला हुकूम. यज्ञेश्वरांनी बशी टेबलावर ठेवली.