ठमाबाईचे कान

"ठमाबाई, पाय धरते हं. हात गार आहे माझा, रागवायचं नाही," असं म्हणत सिस्टरने काचेच्या पेटीत हात घातला. आवाज ऐकताच दीड किलोच्या ठमाबाईंची कुरकुर थांबली.

कमी दिवसांच्या बाळांच्या त्या विभागात या सिस्टरला सगळे रेडिओ म्हणत. बाळाला हात लावायच्या आधी ती सांगायची, लावताना सांगायची, झाल्यावरही सांगायची. लग्न जमलं नाही, पुढे जमवायचं राहूनच गेलं. घरी बोलायला कोणी नाही, म्हणून सगळं बोलणं इथे.

डॉक्टरांनी एकदा समजावलं होतं, "या दिवसांत मेंदूतल्या पेशी एकमेकींशी धागे जोडतात, हवे त्याहून कितीतरी जास्त. रोज वापरात येतात ते पक्के होतात, बाकीचे गळतात." ठमाबाईची आई बाळंतपणापासून दुसऱ्या इस्पितळात पडून होती. तिचं बोलणं मोबाईलवर मागवलं होतं आणि ते दिवसातून तीनदा ऐकवायचं होतं. सिस्टर ते न चुकता लावायची, पण त्यावरही हिची टकळी चालूच. वीस वर्षांची सवय ती, सुटते होय?

सात आठवड्यांनी आई आली, चाकाच्या खुर्चीतून. "बाळा, मी आलेय गं." ठमाबाई ढिम्म.

"अगं, बघ की, आई आलीये," सिस्टर सवयीने बोलून गेली, आणि ठमाबाईने मान वळवली. सिस्टरकडे.

कोणीतरी आपल्या आवाजाने आपल्याला ओळखावं, एवढंच तर तिला आयुष्यभर हवं होतं. तिला भरून आलं. मग तिने आईचा चेहरा पाहिला.

"ती मला ओळखत नाही ना?"

सिस्टर खुर्चीजवळ वाकली. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुमचं बोलणं लावायचे आणि वरून मीच बडबडायचे. पण उशीर नाही झालेला. मी म्हणते तसं म्हणा. ठमाबाई, पाय धरते हं."

"ठमाबाई?" आईला रडता रडता हसू आलं.

"सवय झालीये तिला त्या नावाची."

दुसऱ्या दिवसापासून आई पेटीशी बसून बोलायची आणि सिस्टर तोंड मिटून दुपटी बदलायची. "रेडिओ बिघडला की काय?" बाकीच्या चिडवत. ती नुसती हसायची. घरी गेल्यावर मात्र रिकाम्या खोलीत हळूच म्हणायची, "ठमाबाई, झोपलात का?"

बाराव्या दिवशी आईने दारातूनच हाक मारली. सिस्टर पेटीला टेकून उभी होती, तरी ठमाबाईची मान दाराकडे वळली.

घरी न्यायच्या दिवशी आई म्हणाली, "सिस्टर, जाताना एकदा तरी बोला हो तिच्याशी."

सिस्टरने नकारार्थी मान हलवली. ठमाबाईची टोपी कानांवर नीट ओढली आणि दार उघडून धरलं.