लग्न उरकायचं नाही

"बा, लगीन उरकून घेऊ," सुनिल म्हणाला, तेव्हा त्याच्या बापाच्या, धाकल्याच्या हाताला सलाईन अजून सुरूच होती.

"उरकायला ते काय गवत कापणं हाय?" त्याची आई ठकी कडाडली. "बरा होऊ दे त्याला. मंग नाचत करू."

तलासरीकडच्या त्या पाड्यावर आधी संसार मांडायचा आणि लग्न जमेल तेव्हा लावायचं, ही जुनी रीत. धाकल्या-ठकीचा संसार नातवंडांपर्यंत पोचला, लग्न तेवढं राहून गेलं. आई-बापाचं लागल्याशिवाय पोराचं लागत नाही, म्हणून सुनिल आणि त्याच्यासोबत नांदणारी संगीताही ताटकळलेले. त्यात बापाच्या मानेत झपाट्याने वाढणाऱ्या लिम्फोमा कॅन्सरच्या गाठी. पोराची घाई काही खोटी नव्हती.

डॉक्टरीणबाईंनीही आडपडदा ठेवला नव्हता. "सत्तरी उलटलीये. पूर्ण जोराचं औषध झेपणार नाही, कमी करून देऊ. या वयातही काहीजण पूर्ण बरे होतात, काही नाही होत."

"मंग मी बऱ्यांतला," धाकल्या म्हणाला. जणू बाईंनी त्याला निवडच करायला सांगितली होती!

केस गेले, तोंडाची चव गेली, दोनदा ताप जिवावर बेतला. म्हातारा हटेना. वापीच्या दवाखान्यातून परतताना वाटेत अच्छाडला उतरून चहा मागायचा, घोटभर पिऊन ओकायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा मागायचा.

औषधं संपल्यावर तपासणी झाली. मानेतल्या गाठी गेल्या होत्या, पोटात नव्या आल्या होत्या. याहून कडक औषध हे शरीर सोसणार नाही, बाई म्हणाल्या. ठकी बाहेर येऊन मोठमोठ्याने रडली.

"रडतं काय?" धाकल्या म्हणाला. "लगीन करू. पण उरकायचं नाय. सगळा पाडा बोलव."

मांडव उभा राहिला, लग्न लागलं. मग रीतीप्रमाणे नवरा-नवरीला उचलून नाचवायची वेळ आली. सुनिलने बापाच्या काटकुळ्या पायांकडे पाहिलं.

"बाला ऱ्हाऊ दे. बसू दे त्याला."

"बसू दे?" ठकीने हळदीच्या हाताने पोराला बाजूला सारलं. "माझा नवरा हाय. मी नाचवीन."

गवताचा भारा उचलावा तसा तिने कमरेत जोर धरला आणि तो जोर फुकट गेला. धाकल्या अलगद वर आला. ठकी जागच्या जागी उभी राहिली.

"थांबली काय?" वरून धाकल्याने विचारलं.

"पदर अडकला," ती म्हणाली आणि तिने नाचायला पाय उचलला.